दोन बोटं जास्त

हेल्लुविकच्या खारवणीच्या शेडमध्ये
मासळी नव्हती त्या हिवाळ्यात, सदुसष्ट साली,
केटिल लोहारानं हेरिंगच्या पिंपाची एक कडी काढली
आणि तुळईला ठोकली.
जाळी बायकांनी विणली, कॉडच्या जाळ्याच्या गाठीनं.
एवढीच स्थापना.

नाव ठेवलं पाणकावळा.
तो खडकावर पंख पसरून उभा असतो ना,
जणू मागे कुणाला जाऊच देणार नाही.

वडील चिटणीस झाले. अक्षर चांगलं होतं
आणि गुडघा अधू.
आता ती वही माझ्याकडे आहे, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची.
उघडली की अजून मिठाचा वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.

छत बुटकं.
कमान करून टाकलेला चेंडू पत्र्यावर आदळायचा,
वरचा बर्फ धाडकन घसरायचा
आणि शेजारून थोर्गिल्सची आई ओरडायची.
म्हणून सगळे सपाट टाकायला शिकले,
पाण्यावर भाकऱ्या काढत जाणाऱ्या खापरीसारखं.
जमीन समुद्राकडे कललेली होती.
पाहुण्यांना ते उत्तरार्धात कळायचं.

"४ फेब्रुवारी. सामना झाला नाही. घाट बंद."
"११ फेब्रुवारी. सामना झाला नाही. घाट बंद."
"१८ फेब्रुवारी. घाट उघडा. चेंडू फुटलेला."

चौऱ्याहत्तरात राजधानीहून इस्लेफुर नावाचा पंच आला,
खिशात टेप घेऊन.
कडी नियमापेक्षा दोन बोटं मोठी निघाली.
सात वर्षं घरच्या मैदानावर जिंकत आलो होतो,
आता सगळा फ्योर्ड आमच्याकडे बघून खाकरायला लागला.
वडिलांनी संघटनेला लिहिलेल्या उत्तराची कार्बन प्रत वहीत आहे:
"कडी बदलली आहे.
समोरचे संघही त्याच कडीत टाकत होते.
कळावे."

मग एक वर्ष लायमन आला, टेनेसीचा.
दिवसा फिलेटं कापायचा, संध्याकाळी खेळायचा.
पहिल्याच सामन्यात उडी मारून चेंडू वरून घालायला गेला
आणि तुळईनं त्याला गाठलं.
टाके गुरांच्या डॉक्टरनं घातले.
जानेवारीच्या शेवटी सूर्य डोंगरावरून दिसला,
घरोघरी पॅनकेक झाले,
आणि तो धक्क्यावर एकटाच उभा राहून रडत होता.
हे वहीत नाही.
मी नऊ वर्षांची होते, मी पाहिलं.

ब्याण्णवमध्ये मासेमारीचा कोटा विकला गेला.
ट्रॉलर दुसऱ्या बंदरात गेला,
त्याच्याबरोबर आमचा सेंटर, दोन्ही गार्ड,
शाळेचे मास्तर आणि बेकरी.
"हजर: तिघं. चेंडू: दोन."
त्यानंतरची पानं कोरी आहेत असं लोक म्हणतात.
कोरी नाहीत.
सहा वर्षं वडील दर मंगळवारी तारीख घालत राहिले.
खाली काही नाही. फक्त तारीख,
रेघ मारून, नीट.

शेड पाडली. नगरपालिकेनं हॉल बांधला,
छत इतकं उंच की आवाज परत यायला वेळ लागतो.
मासळीच्या कारखान्यात पोलंडहून माणसं आली,
त्यांची मुलं आता पाणकावळे आहेत.
थोर्गिल्सची स्टेनव्हर त्यांना शिकवते.
तिच्या भुवईवर अजून जुन्या पत्र्याची खूण आहे.

परवा बोग्ना, तेरा वर्षांची,
लांबून चेंडू टाकत होती.
सपाट.
डोक्यावर नऊ मीटर मोकळी हवा,
आणि चेंडू असा निघालेला की जणू वर कुणाचं छप्पर आहे.
हिनं ती शेड पाहिलेलीसुद्धा नाही.
पाहुणा पंच म्हणाला, हिला कमान शिकवा.
स्टेनव्हर म्हणाली, बघते.
तिचा काही बघायचा विचार दिसला नाही.

केटिलची कडी माझ्या गॅरेजमध्ये आहे.
बागेचा पाइप मी तिच्यात गुंडाळून ठेवते.
व्यवस्थित मावतो.